जुनं देऊळ बघायला निघालात? आधी बाहेर, मग आत

जुन्या देवळात आपण साधारणपणे काय करतो? चपला काढतो, घंटा वाजवतो, थेट गाभाऱ्यात जाऊन हात जोडतो, बाहेर आल्यावर दोन-चार फोटो काढतो आणि गाडीत बसतो. दर्शन होतं, देऊळ बघायचं मात्र राहून जातं. आठशे-हजार वर्षांपूर्वी ज्यांनी छिन्नी-हातोडा चालवला, त्यांनी आपलं कसब मोठ्या प्रमाणात बाहेरच्या भिंतींवर ओतलंय. गाभारा त्यांनी मुद्दाम साधा, अंधारा ठेवला. म्हणून ज्यांना नुकतीच या विषयाची गोडी लागली आहे त्यांना मी एकच गोष्ट सांगते: आधी बाहेर, मग आत. बाकी सगळं यातूनच सुचत जातं.

अधिष्ठान, मंडोवर, वितान असले शब्द ऐकून बिचकू नका. नावं हळूहळू तोंडात बसतात. आधी नजर बसवायची.

पहिलं देऊळ कोणतं?

माझ्या मते सिन्नरचं गोंदेश्वर. नाशिकहून पुण्याच्या रस्त्याला साधारण तीस किलोमीटरवर सिन्नर आहे. यादवांची सुरुवातीची राजधानी इथलीच. गोंदेश्वराचं देऊळ त्यांच्याच काळातलं, अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराचं. नवख्या माणसाला हवं ते सगळं इथे एका आवारात मिळतं. हे पंचायतन आहे, म्हणजे मधे महादेवाचं मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांत विष्णू, सूर्य, पार्वती आणि गणपती यांची लहान देवळं. समोर नंदीमंडप. सगळं एका उंच दगडी जोत्यावर. भोवती मोकळी जागा असल्यामुळे हवं तितकं मागे सरकून शिखर डोळ्यांत मावेपर्यंत बघता येतं.

वेरूळचं कैलास पहिल्यांदा बघू नका, असं मी आवर्जून सांगते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, ते डोंगर वरून खाली कोरत आणलं. ते इतकं प्रचंड आहे की नवीन माणूस दिपून जातो आणि तपशील बघायचं भानच राहत नाही. शिवाय ते बांधीव देवळाचं रूप अखंड खडकात कोरलेलं आहे. चिरा रचून बांधलेलं देऊळ एकदा नीट बघितलं असेल, तर कैलासात काय साधलंय ते कितीतरी जास्त कळतं. (जाल तेव्हा लक्षात असू द्या: वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी.)

दिवसाला एकच देऊळ ठेवा. एका दिवसात पाच देवळं उरकणाऱ्या सहली निघतात. संध्याकाळी परत येताना कुठली मूर्ती कुठली होती हे कुणालाच सांगता येत नाही.

निघण्याआधी काळाची गफलत मिटवून घ्या. महाराष्ट्रात काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं कुठलंही देऊळ दिसलं की 'हेमाडपंती' म्हणायची पद्धत आहे. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे आणि ते देऊळ कोकणच्या शिलाहार राजांचं. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं! तेव्हा पाटीवर 'हेमाडपंती' वाचलं म्हणून देऊळ तेराव्या शतकातलं असं धरून चालू नका.

वेळ ठरवताना उन्हाचा विचार

हा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, आणि माझ्या अनुभवात निम्मं बघणं यावरच अवलंबून असतं. काळ्या पाषाणावरचं कोरीवकाम समोरून पडणाऱ्या सपाट उजेडात दिसतच नाही. ऊन तिरकं हवं. भिंतीला घासून जाणारी किरणं आली की बोटाएवढ्या दागिन्यालाही सावली मिळते आणि मूर्ती भिंतीतून पुढे येते.

देऊळ पूर्वाभिमुख असेल तर दर्शनी भाग सकाळी बघावा, मागची भिंत दुपारनंतर. दक्षिणेची भिंत हिवाळ्यात जवळजवळ दिवसभर उन्हात असते. उत्तरेची भिंत मात्र हिवाळ्यात सावलीतच राहते. तिच्यावर थेट ऊन हवं असेल तर मे-जूनमध्ये जावं लागतं. तेव्हा सूर्य आपल्याकडे भर दुपारीसुद्धा डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळी उत्तरेच्या भिंतीवर सुरेख तिरपं ऊन येतं. उन्हाळा नको असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उत्तरेच्या भिंतीसाठी विजेरी आडवी धरून बघायची.

श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र हे दिवस वेगळे. त्या दिवशी शिल्पं बघायला जाऊ नका, जत्रा बघायला जरूर जा. देऊळ गावाच्या आयुष्यात कुठे बसलंय ते त्या गर्दीत समजतं. पावसाळ्यात परिसर देखणा दिसतो, पण शेवाळलेल्या दगडावर पाय घसरतो, हे ध्यानात ठेवा.

पिशवीत काय असावं

पाणी, टोपी, वही-पेन्सिल, चांगली विजेरी. छोटी दुर्बीण मिळाली तर सोडू नका; शिखरावरचं आणि छताचं काम तिच्याशिवाय कळत नाही. आणि जाड पायमोजे! जोत्यावर चपला काढाव्या लागतात आणि अकरा वाजल्यानंतर काळा दगड असा तापतो की अनवाणी उभं राहवत नाही. पाय भाजले की माणूस धावत आत जातो आणि बाहेरचं सगळं राहतं.

पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये मोबाइलवर फोटो काढायला सहसा हरकत नसते. तिपाई लावायची तर आधी परवानगी लागते, आणि ड्रोनचा तर विचारही करू नका.

पहिली पायरी: लांबून बघा

आवारात शिरल्यावर लगेच जवळ जाऊ नका. एका कोपऱ्यात उभं राहून देऊळ बाजूने बघा. डोंगररांगेसारखी चढत गेलेली रेघ दिसेल: पुढे ठेंगणा मुखमंडप, मग सभामंडपाचं छत, मग एकदम उंच शिखर. शिखराच्या बरोबर खाली गाभारा असतो, म्हणजे आत न जाताच देव कुठे बसलाय ते बाहेरून कळतं. सभामंडप आणि गाभारा यांना जोडणारा चिंचोळा भाग म्हणजे अंतराळ.

गोंदेश्वराचं शिखर भूमिज पद्धतीचं आहे. चारही दिशांना पायथ्यापासून वरपर्यंत एकेक नक्षीदार उभा पट्टा जातो, त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत शिखराच्याच छोट्या प्रतिकृती आडव्या ओळींत रचलेल्या असतात, वर जाताना लहान लहान होत जाणाऱ्या. या ओळी खालून वर मोजा. अंबरनाथला, धुळे जिल्ह्यातल्या बलसाण्याला, मध्य प्रदेशातल्या उदयपूरच्या, परमार राजांच्या देवळातही हीच पद्धत भेटते. एकदा सिन्नरला ओळखायला शिकलात की पुढे लांबूनही चुकत नाही.

दुसरी पायरी: प्रदक्षिणा, आणि तीही तळापासून

आता जवळ या. नजर वर जायला बघेल, तिला खाली आणा. जोत्याला जगती म्हणतात. तिच्यावर देवळाचं पीठ, त्यावर भिंत म्हणजे जंघा, आणि मग शिखर. पीठाचे थर एकेक करून बघा. कुठे कमळाच्या पाकळ्या, कुठे टोकदार कडेचा थर म्हणजे कणी, कुठे कीर्तिमुखांची, म्हणजे सिंहासारख्या उग्र मुखवट्यांची रांग. काही देवळांत हत्तींचा थर असतो, गजथर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वराला तो अप्रतिम आहे: सगळं देऊळ हत्तींच्या पाठीवर तोललेलं, आणि हत्तींवर देवदेवता बसलेल्या.

मग भिंतीच्या कोपऱ्यावर उभं राहा आणि भिंत सरळ आहे का बघा. ती सरळ नसतेच. हातभर पुढे येते, पुन्हा आत जाते, परत पुढे येते. वहीत हे उमटवून बघा: पावलांनी अंतर मोजत, प्रत्येक वळणाला रेघ वळवत देवळाचा बाह्याकार काढा. चित्रकला येण्याची गरज नाही. अर्ध्या तासात तुमच्या हाताला कळेल की एका चौरसाची प्रत्येक बाजू टप्प्याटप्प्याने पुढे काढली आहे, किंवा चौरसच एका केंद्राभोवती फिरवून तारकेचा आकार साधला आहे. लोणारच्या दैत्यसूदनाच्या देवळात असा तारकेसारखा आराखडा आहे. या घड्यांमुळे भिंतीवर दिवसभर ऊन-सावलीचे उभे पट्टे सरकत राहतात, आणि प्रत्येक घडीत एकेका मूर्तीला स्वतःची जागा मिळते. कागदावर एकदा काढलेला आराखडा शंभर फोटोंपेक्षा जास्त लक्षात राहतो.

महादेवाचं देऊळ असेल तर उत्तर बाजूला अभिषेकाचं पाणी बाहेर काढणारं मकरमुख किंवा गोमुख लागतं. ते ओलांडायचं नाही, तिथून उलट फिरायचं, ही सोमसूत्री प्रदक्षिणा. ती पाळाच. भाव तर राखला जातोच, शिवाय तीच भिंत जाताना एका बाजूने आणि येताना दुसऱ्या बाजूने दिसते. मूर्तीची मान, कमरेचा बाक, पायाखालचं वाहन हे सगळं दुसऱ्या बाजूने बघताना नव्याने कळतं.

तिसरी पायरी: देव ओळखा

सुरुवात अष्टदिक्पालांपासून, म्हणजे आठ दिशांच्या राखणदार देवांपासून करा, ते ठरलेल्या दिशांनाच असतात. पूर्वेला हत्तीवरचा इंद्र, आग्नेयेला मेंढ्यासह अग्नी, दक्षिणेला रेड्यावरचा यम, नैर्ऋत्येला माणसावर बसलेला निर्ऋती, पश्चिमेला मगरीवरचा वरुण, वायव्येला हरणावरचा वायू, उत्तरेला धनाची थैली धरलेला कुबेर आणि ईशान्येला नंदीसह ईशान. मूर्ती झिजलेली असली तरी ती कोणत्या कोपऱ्यात आहे यावरून नाव ठरवता येतं.

मोठ्या कोनाड्यांना देवकोष्ठ म्हणतात. शिवमंदिरात तिथे नटराज, अंधकासुराला शूळावर घेतलेला शिव, चामुंडा अशा मूर्ती बघा. चामुंडा एकदा पाहिली की विसरत नाही: बरगड्या मोजता येतील असं शरीर, खोल गेलेले डोळे, आणि खपाटीला गेलेल्या पोटावर पुष्कळदा कोरलेला विंचू. तो विंचू म्हणजे भूक. ज्याने तो कोरला, त्याने दुष्काळ जवळून पाहिला असणार असं मला दर वेळी वाटतं.

विष्णूची उभी मूर्ती असेल तर हातांतली आयुधं क्रमाने वाचा. मूर्तीच्या उजव्या बाजूच्या खालच्या हातापासून सुरू करायचं, वर जायचं, मग डावा वरचा, शेवटी डावा खालचा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. क्रम बदलला की नाव बदलतं; संध्येत म्हणतात ती चोवीस नावं अशी चोवीस क्रमांनी दगडात उभी असतात. आजोबांच्या तोंडून केशवाय नमः, नारायणाय नमः ऐकलेल्या माणसाला इथे फार आनंद होतो.

मधे मधे सुरसुंदरी, म्हणजे देखण्या स्त्रियांची शिल्पं भेटतात. कुणी आरशात बघतेय, कुणी पायातला काटा काढतेय, कुणाचं वस्त्र माकड ओढतंय. त्यांच्यापाशी घाई करू नका. कानातलं, अंबाडा, पायातले वाळे, कमरेच्या साखळ्या हे सगळं बघत राहा. आणि हात लावू नका. आठशे वर्षं टिकलेला दगड आपल्या हाताच्या घामा-तेलाने काळवंडतो, गुळगुळीत होतो.

चौथी पायरी: आता आत

उंबऱ्याशी थांबा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. सभामंडपाच्या मधोमध बहुतेक वेळा गोल किंवा चौकोनी गुळगुळीत शिळा असते, ती रंगशिळा. तिच्यावर उभं राहून सरळ वर बघा. छत म्हणजे वितान. चार खांबांवर तुळया, कोपऱ्यांत त्रिकोणी दगड बसवून चौकोन लहान केलेला, त्यावर पुन्हा तसंच; किंवा गोलाकार थर एकावर एक आत सरकवत शेवटी मधे लोंबणारं दगडी कमळ. कुठेही कमान नाही. दगडाचं वजन दगडावर सरळ खाली येतं आणि तेच त्याला धरून ठेवतं. खांबांच्या माथ्यावर हातांनी भार पेलणारे बुटके यक्ष असतात. प्रत्येकाचा चेहरा वेगळा असतो.

गाभाऱ्याच्या चौकटीवर मधोमध जी छोटी मूर्ती असते ती ललाटबिंब. इथे पुष्कळदा गणपती दिसतो. पण गरुड किंवा विष्णू दिसला आणि आत पिंड असली, तर मूळचं देऊळ विष्णूचं असण्याची शक्यता तपासावी. चौकटीच्या खालच्या अंगाला मकरावर गंगा आणि कासवावर यमुना आहेत का तेही बघा.

गाभाऱ्यात गुरवांना किंवा पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय फोटो काढू नका. विचारलं, चार शब्द बोललात, तर ते स्वतः दिवा धरून कोपरे दाखवतात. अंबरनाथला गेलात तर गाभाऱ्यात उतरायला पायऱ्या आहेत. मंडपापेक्षा गाभारा बराच खाली आहे आणि वर आभाळ दिसतं.

पाचवी पायरी: आवार सोडू नका

झाडाखाली, कुंपणालगत रांगेने उभे केलेले दगड बघा. तीन-चार चौकटींचा दगड म्हणजे वीरगळ. खालून वर वाचायचा: तळाशी लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन निघालेल्या, वर तो शिवपिंडीची पूजा करताना, टोकाला कलश किंवा चंद्रसूर्य. खालच्या चौकटीत गाई असतील तर तो गोधन राखताना पडला. बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात असेल तर ती सतीशिळा. देवळाच्या भिंतीवर राजे आणि देव असतात. गावातला साधा माणूस भेटतो तो याच दगडांवर, बहुधा नावाशिवाय. म्हणून मी इथे नेहमी जास्त वेळ ठेवते.

शिलालेख दिसला तर त्यावर खडू, चुना, पीठ असलं काही घासू नका. विजेरी आडवी धरून फोटो काढा, अक्षरं आपोआप उठून दिसतात. जवळ बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर असेल तर तिथेही उतरा, मात्र एकट्याने नको.

जीर्णोद्धाराचे थर वेगळे ओळखायला शिका. औंढा नागनाथला खालचा भाग जुना, शिल्पांनी भरलेला काळ्या दगडाचा आणि शिखर नंतरच्या काळातलं, चुनेगच्ची म्हणजे चुन्यात घडवलेलं. एकाच देवळात दोन काळ एकावर एक उभे आहेत. ते बांधणाऱ्यांनी आपापल्या काळातलं उत्तम तेच केलं. वाईट वाटतं ते आजकाल काळ्या मूर्तींवर फासलेला ऑइलपेंट आणि शिल्पांवर ठोकलेल्या फरश्या बघून. गावकरी ते भक्तीनेच करतात, म्हणून रागावून उपयोग नाही. तरुण मंडळींशी बोला, एखाद्या मूर्तीचं नाव आणि गोष्ट सांगा. आपल्या गावात काय आहे हे कळलं की गावच राखण करतं. मूर्ती फुटलेली, हललेली, खोदकामात नव्याने निघालेली दिसली तर तहसीलदारांना आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. उचलून घरी आणणं हा गुन्हा आहे.

गोष्टी आणि इतिहास: दोन वेगळी पानं

'पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला म्हणून शिखर अपुरं राहिलं' ही गोष्ट तुम्हाला गावोगाव ऐकू येईल. ऐकणाऱ्याने ती खोडून काढायची नसते. वहीच्या उजव्या पानावर जे डोळ्यांनी दिसलं ते लिहा, डाव्या पानावर जे ऐकलं ते. खिद्रापूरला शिवासमोर नंदी नाही, हे उजव्या पानावर. सती दक्षाच्या यज्ञाला नंदीवर बसून गेली, ती परतली नाही म्हणून महादेव कोपला आणि त्याची समजूत काढायला विष्णू आला, हे डाव्या पानावर. गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर शेजारी शेजारी असल्याचं गावकरी सांगतात. दोन्ही पानं हवीत, फक्त एकमेकांत मिसळू नयेत.

घरी आल्यावर त्याच रात्री टिपणं नीट करा. मग जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ उघडा. राज्य शासनाने ती इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. बघून आल्यावर वाचलेलं जास्त भिनतं.

यानंतर कुठे?

मुंबईकरांनी अंबरनाथ करावं. लोकलने जाता येतं, स्टेशनपासून रिक्षा मिळते. मराठवाडा-विदर्भातल्यांना लोणार आणि औंढा. गोव्यात तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ: सह्याद्रीच्या पायथ्याशी, कदंब राजांच्या काळातलं, जांभ्याच्या मुलखात काळ्या पाषाणाचं. ते सिन्नरच्या मानाने फारच छोटं आहे, पण सिन्नरनंतर बघितलंत तर कमी जागेत किती साधता येतं ते उमगतं.

खिद्रापूर तिसऱ्या-चौथ्या खेपेला ठेवा. तिथल्या स्वर्गमंडपाचे अठ्ठेचाळीस खांब आणि छतातली गोल मोकळी जागा बघायला तयार नजर हवी. कोल्हापूरहून कुरुंदवाडमार्गे जायचं. कृष्णेला पूर असताना रस्ते पाण्याखाली जातात, म्हणून दिवाळीनंतर निघा; सकाळी लवकर पोहोचलात तर दुपारच्या आत बाहेरच्या भिंतीच्या दोन फेऱ्या सहज होतात.